खटल्यांची जुनी पुस्तकं जमवताय? या चुका टाळा

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर ऑस्कर स्लेटर खटल्याचा लाल कापडी खंड दिसला, तेव्हा मी घासाघीस करायचंही विसरलो. घरी येऊन चहा घेत चाळायला बसलो. सुरुवातीला चित्रांची यादी होती आणि यादीतली दोन चित्रं आत नव्हती. त्या जागी शिवणीलगत ब्लेडने कापलेल्या कागदाची बारीकशी पट्टी तेवढी उरली होती. पुस्तक खुनाच्या खटल्याचं, आणि नेमका पुरावाच गायब!

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. खटल्याचं नाव वाचूनच हात खिशाकडे जातो. जुन्या गुन्ह्यांच्या पुस्तकांतली चित्रं फ्रेम करून वेगळी विकली जातात, त्यामुळे ती कापली जाण्याचं प्रमाण मोठं. उभ्या उभ्या पाच मिनिटं काढा. चित्रांची यादी आतल्या चित्रांशी ताडून बघा, पानांचे आकडे सलग आहेत का पाहा, घडीचे नकाशे हलक्या हाताने उलगडा. शिवणीत कागदाचा खुंट दिसला, की तिथलं काहीतरी गेलंय असं समजा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

दुसरी चूक म्हणजे पहिल्या आवृत्तीचा हट्ट. इथे स्लेटरचंच उदाहरण चपखल बसतं. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगोत मॅरियन गिलक्रिस्ट या वृद्धेचा खून झाला. मे १९०९ मध्ये स्लेटरला फाशी सुनावली गेली आणि नंतर ती जन्मठेपेत बदलली. विल्यम रफहेड यांनी संपादित केलेला खंड १९१० मध्ये निघाला. पण गोष्ट तिथे कुठे संपली? १९१२ मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी स्लेटरच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली, किंमत सहा पेनी. तो सुटला १९२७ च्या नोव्हेंबरात. १९२८ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली, कारण न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन केलं होतं. म्हणजे १९१० चा खंड घेतलात तर त्यात स्लेटर गुन्हेगारच आहे! पूर्ण खटला वाचायचा तर अपिलानंतरची आवृत्ती हवी. संग्रहात मिरवायला पहिली आवृत्ती ठीक, पण आपल्याला नेमकं काय हवंय ते पैसे मोजायच्या आधी ठरवा. माझं मत विचाराल तर आधी नंतरची आवृत्ती घ्या. तीच स्वस्तही मिळते.

हा खंड ज्या ‘नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स’ मालिकेतला, ती विल्यम हॉज यांच्या प्रकाशनाने १९०५ ते १९५९ या काळात काढली. एकूण ८३ खंड. सगळेच्या सगळे जमवायचे असं पहिल्याच महिन्यात ठरवू नका. मी ठरवलं होतं. ते पैसे कुठे गेले, हे घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

ऑनलाइन खरेदीत वर्षाचा घोळ होतो. मुंबईचे पोलीस कमिशनर राहिलेल्या एस. एम. एडवर्ड्स यांचं मुंबई पोलिसांच्या इतिहासावरचं पुस्तक १९२३ चं. विक्रेता वर्षाच्या रकान्यात १९२३ टाकतो आणि घरी येते स्कॅन करून छापलेली, गोंदाने चिकटवलेली, चकचकीत कव्हरची प्रत. वाचायला ती चालेल, पण जुन्याचा भाव देऊन नव्हे. मागवण्याआधी शीर्षकपानाचा, त्याच्या मागच्या बाजूचा आणि कण्याचा असे तीन फोटो मागा. कुठेही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिसला तर प्रत १९२३ ची नाही, कारण असे क्रमांक १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले.

ठगांबद्दलच्या पुस्तकांत आणखी एक गल्लत होते. ठगांविरुद्ध मोहीम चालवणारे इंग्रज अधिकारी स्लीमन यांचं ‘रामसीआना’ हे १८३६ चं, कलकत्त्यात छापलेलं, ठगांच्या भाषेचा शब्दसंग्रह देणारं. मेडोज टेलर यांचं १८३९ चं तीन खंडी पुस्तक मात्र कादंबरी आहे, कितीही खरी वाटली तरी. दोन्ही ‘ठगांचा अस्सल वृत्तान्त’ म्हणून शेजारी शेजारी मांडलेली मी पाहिली आहेत. टेलर घेताना तिन्ही खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना, हेही बघा.

ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत घेताना ‘रद्द’चा शिक्काही शोधा. नसेल तर विचारा. गुन्ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटात चोरीचा माल नको.

आता पुस्तक घरी आल्यावरचं. लाल कापड ओल्या फडक्याने पुसू नका, रंग फडक्यावर येतो आणि कण्यावर पांढुरके ओघळ उमटतात. कोरडा मऊ ब्रश पुरेसा. कण्यावर ऊन पडत असेल तर कपाट हलवा. कापडी बांधणीवर शाळेच्या वह्यांसारखं प्लास्टिक चढवू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. आधीच्या मालकाने लावली असेल तर ओढून काढायला जाऊ नका, पान सोबत येतं. आणि गल्लीतल्या बाइंडरला ‘जरा नीट करून द्या’ एवढंच सांगून पुस्तक सोपवू नका. तो हौसेने कडा कापून समास अर्धा करेल. ‘कटिंग नको’ हे दोनदा सांगा.

कसर लागली असेल तर पुस्तक जाड प्लास्टिक पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. दिवसभर खोलीत राहू द्या, नाहीतर पानांवरच पाणी धरतं. आमच्याकडे मटारच्या पिशवीशेजारी खुनाचा खटला बघून आईने विचारलं, “हे शिजवायचंय का?”

त्या दोन चित्रांचं पुढे काय झालं? एका मित्राच्या अखंड प्रतीवरून त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि न चिकटवता आत ठेवल्या. मागे पेन्सिलीने ‘झेरॉक्स, मूळ चित्र नाही’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या माझ्यानंतर कुणी ती प्रत विकत घेतली तर त्याने फसू नये.