रेडिएटरच्या वरच्या नळीतून होणारी कूलंट गळती: माझा अनुभव

आठवड्याला अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असे, पण गाडीखाली थेंबही दिसत नसे. वरच्या नळीच्या जोडाशी मात्र हिरवट-पांढरा थर साचलेला होता. गळतीबंद पावडर घातली, क्लिप पुन्हा आवळला; काही उपयोग झाला नाही, आणि मी अगदी टेकीला आलो.

शेवटी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (गरम असताना झाकण उघडल्यास हात भाजतो) रेडिएटरच्या खालच्या प्लगमधून थोडे कूलंट बादलीत काढले, नळी उपसली, तिचे कडक, भेगाळलेले टोक दीड सेंटीमीटर सरळ कापले, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या तोंडावरचा थर ओल्या, बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला आणि नळी त्या तोंडाच्या कंगोऱ्यापलीकडे (उंच कडेपलीकडे) सरकवून नवा क्लिप कंगोऱ्याच्या मागे आवळला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवले आणि पातळी पुरी करून झाकण लावले.