युद्धात गेलेल्या फ्रेंच रग्बी प्लेअरचं चरित्र पुण्यात बसून कसं लिहायचं

रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकत असाल किंवा नुसती रग्बीची आवड असेल आणि असं एखादं चरित्र लिहायचं मनात असेल तर त्यासाठी फ्रान्सला जायला लागत नाही, बरीचशी कागदपत्रं ऑनलाइन आणि फुकट आहेत. उदाहरणाला पहिल्या महायुद्धात मारला गेलेला रग्बी प्लेअर मॉरिस ब्वायो घेतो, कारण त्याच्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात.

आधी जन्मतारीख पक्की करा. ब्वायो जन्मला 8 मे 1888 ला, अल्जीरियातल्या मुस्तफा गावी, तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. तारीख मिळाली की फ्रान्सच्या संरक्षण खात्याची 'मेमुआर देझोम' ही साइट उघडा, पहिल्या महायुद्धात गेलेल्या 13 लाखांवर लोकांची कार्डं तिथे स्कॅन करून ठेवलीयेत. आडनावासोबत जन्मतारीखही टाका नाहीतर एकाच नावाचे ढीगभर सैनिक समोर येतात. कार्डावर हुद्दा, पलटण, भरतीचं ठिकाण, कधी कुठे आणि कसा गेला हे असतं. अक्षर जुनं असतं, त्यांचा हाताने लिहिलेला 1 आपल्याला 7 वाटतो, 7 ला बहुतेकदा मधून आडवी रेघ असते ती बघायची. 'क्लास' म्हणजे भरतीचं वर्ष, त्यासमोरचा आकडा साधारण जन्मसाल अधिक 20 असा येतो, म्हणजे 1888 वाल्याचा 1908, जुळत नसेल तर माणूस तोच आहे ना ते परत तपासा. मग भरतीच्या ठिकाणावरून तिथल्या जिल्हा अर्काइव्हमधलं लष्करी रजिस्टर शोधा, त्यात उंची, डोळ्यांचा रंग, कामधंदा, जखमा, पदकं असं बरंच काही सापडतं आणि माणूस खरा दिसायला लागतो.

ब्वायो पुढे पायलट झाला. त्याची 77 नंबरची स्क्वॉड्रन, टोपणनाव 'ले स्पोर्तिफ', कारण खेळाडू बरेच. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, विमान बदललं की स्क्वॉड्रनच्या नावातलं अक्षरही बदलायचं, न्यूपोर होती तेव्हा एन 77 आणि स्पाड आल्यावर एसपीए 77, त्यामुळे दोन्ही नावांनी सर्च करायचं. त्याच्या नावावर 35 विजय आहेत, म्हणजे शत्रूची पाडलेली विमानं आणि बलून, त्यातले 21 टेहळणीचे बलून. बलून सोपं सावज वाटतं पण त्याच्याभोवती खाली तोफा लावलेल्या असायच्या. शिवाय फ्रेंच पद्धतीत दोघातिघांनी मिळून पाडलं तरी प्रत्येकाला पूर्ण एक मिळायचा, म्हणून इतर देशांच्या पायलटांच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका प्लीज.

16 सप्टेंबर 1918 ला तो गेला, युद्ध संपायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. जमिनीवरच्या गोळीबाराने पडला की जर्मन विमानाने पाडलं यावर दोन मतं आहेत, दोन्ही लिहा. त्याचा मृतदेह मिळाला नाही, म्हणून अमुक ठिकाणी पुरलं वगैरे कुठे वाचलं तरी उचलू नका. अशा नावांची नोंद कशी ठेवतात ते बघायचं तर खडकीच्या वॉर सिमेट्रीत एकदा जाऊन या, पहिल्या महायुद्धात इकडे मरण पावलेल्या, पण भारत-पाकिस्तानातल्या ज्यांच्या कबरी सांभाळणं शक्य राहिलं नाही अशा 1,800 हून जास्त जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत.

आता रग्बी, आणि हे मनापासून सांगतो की यालाही युद्धाइतकीच जागा द्या. बहुतेक जण विमानांवर चार पानं लिहितात आणि खेळ एका ओळीत उरकतात. ब्वायो फ्लँकर होता, म्हणजे स्क्रमच्या (बॉलसाठी दोन्ही टीम खांद्याला खांदा लावून रेटतात त्या घोळक्याच्या) कडेला थांबून बॉल सुटला की पहिला धावणारा, डाक्स आणि स्टाद बोर्दलेकडून खेळला, 1912 ते 1913 मध्ये फ्रान्सकडून 6 सामने, कॅप्टनही झाला. काही जणांचं एवढंही मिळत नाही, उदाहरणार्थ 'जो आंदुराँ' या फ्रेंच प्लेअरचा फ्रान्सकडून एकच सामना, 1 जानेवारी 1910 ला वेल्सकडून 49-14 ने हरलेला, आणि 2 ऑक्टोबर 1914 ला तो मारला गेला, अशा वेळी त्या एका सामन्यावरच नीट मेहनत घ्यायची. फ्रेंच नॅशनल लायब्ररीच्या 'गॅलिका' साइटवर जुने पेपर आहेत, सामन्याची तारीख टाकून पुढच्या दोन-तीन दिवसांचे अंक उघडा, आणि आडनावाने नाही सापडलं तर क्लबच्या नावाने शोधा, जुन्या छपाईत आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं.