परतीचं विमान लेट झालं? या चुका टाळा

नातेवाइकांकडे जाताना माणूस काटेकोर असतो. फोन चार्ज केलेला, कागदपत्रं वरच्या कप्प्यात, विमानतळावर वेळेआधी हजर. येताना मात्र निरोप घेता घेता उशीर होतो, कुणीतरी ऐनवेळी आणखी एक पिशवी हातात देतं आणि मन तर आधीच घरी पोचलेलं असतं. विमान लेट झालं की ही ढिलाई नडते.

दिवसातलं शेवटचं विमान

ही चूक तिकीट काढतानाच होते. सगळ्यांसोबत चार तास जास्त मिळावेत म्हणून रात्रीचं शेवटचं विमान घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस. मला हा सौदा पटत नाही. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या मारतं, त्यामुळे सकाळी झालेला उशीर पुढच्या फेऱ्यांच्या माथी येतो. त्यात शेवटचं विमान रद्द झालं, तर रात्र विमानतळावर काढायची. सकाळच्या विमानाचा घोळ झाला तर दिवसभरातली बाकीची विमानं तरी हाताशी असतात.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. एकाच तिकिटावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. पण एकाच तिकिटावर असताना, ‘पहिलं विमान सोडतो आणि गाडीने जाऊन पुढचं पकडतो’ असं परस्पर ठरवू नका. पहिला टप्पा चुकवला की तुम्हाला नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, धरून पुढचं तिकीटही रद्द होऊ शकतं.

घराची किल्ली चेक-इन बॅगेत

भेटवस्तूंनी हातातली बॅग भरते आणि तिच्यातल्या गरजेच्या वस्तू मोठ्या बॅगेत ढकलल्या जातात: औषधं, चार्जर, चष्मा, किल्ली. मग बॅग मधल्याच विमानतळावर राहते आणि मध्यरात्री तुम्ही स्वतःच्याच बंद दारासमोर उभे. भेटवस्तू खाली जाऊ द्या. किल्ली, दोन दिवसांची औषधं आणि कपड्यांचा एक जोड जवळच ठेवा. पॉवर बँक तर नियमानेच हातातल्या सामानात लागते. १०० वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची, सहसा चालते.

बोर्डावरच्या वेळेवर भिस्त

बोर्डावर ‘दोन तास उशीर’ दिसला की सोडायला आलेली मंडळी म्हणतात, ‘चला, घरी जाऊन चहा घेऊन येऊ.’ जाऊ नका. ती वेळ अंदाजाची असते. दुसरं विमान उपलब्ध झालं तर उशीर कमी होतो, आणि गेट तुमची वाट बघत थांबत नाही.

उलटंही होतं. दर वीस मिनिटांनी वेळ पुढे सरकते आणि आपण आशेवर बसून राहतो. त्यापेक्षा तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते कंपनीच्या ॲपवर किंवा विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४वर बघा. दोन तासांच्या अंतरावरून यायचं विमान अजून तिथून उडालंच नसेल, तर बोर्ड काहीही म्हणो, तुम्ही अडीच तासांच्या आत निघत नाही. उतरणं, साफसफाई, इंधन यांतच अर्धा-पाऊण तास जातो. रात्री उशीर वाढत चालला असेल तर अधिक सावध व्हा. वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांना मर्यादा असते. ती संपली आणि बदली वैमानिक मिळाले नाहीत, तर विमान रद्दच होतं.

नुसतंच रांगेत उभं राहणं

विमान रद्द झालं की सगळे काउंटरकडे धावतात. रांग धराच, पण त्याच वेळी ॲप उघडा, हेल्पलाइनला फोन लावा. घरची मंडळी दर दहा मिनिटांनी ‘निघालं का?’ विचारून तुमच्या फोनची बॅटरी संपवत असतातच. त्यांनाच पर्यायी विमानं शोधायला बसवा. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा ‘साडेसातच्या विमानात दोन जागा दिसताहेत, त्यात बसवाल का?’ असं विचारलं तर काम लवकर होतं.

घाईत ‘रिफंड’ दाबणं

पैसे परत घेतले की तुम्हाला घरी पोचवण्याची कंपनीची जबाबदारी बहुधा संपते, आणि त्या क्षणी नवं तिकीट महाग असतं. आधी दुसऱ्या विमानात जागा मागा.

हक्क कुठून निघालात यावर ठरतात. युरोपीय संघातून निघालेलं विमान ३ तास किंवा त्याहून उशिरा पोचलं तर नियम २६१/२००४ खाली अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. खराब हवामानासारखं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, तरी वाट बघताना जेवणाची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय कंपनीला करावी लागते. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकल्याची नव्हे, तर विमानाचं दार उघडल्याची, हे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी विमान कंपन्यांच्या भरपाईबद्दलचा १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. त्यात झालेलं नुकसान दाखवावं लागतं, म्हणून बिलं, बोर्डिंग पास आणि उशिराचे मेसेज जपून ठेवा. उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. बॅग आलीच नाही, तर बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

न्यायला येणाऱ्याला वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर द्या. विमान उतरल्याचं दिसलं की मगच त्याने घरून निघावं.