श्टुटगार्टला आलात? मग आधी श्टुटगार्ट बघा

श्टुटगार्टला नोकरीसाठी आलेली आपली मंडळी पहिल्या लांब वीकेंडला पॅरिस गाठतात, दुसऱ्याला स्वित्झर्लंड. दोन वर्षांनी म्युनिकला बदली झाली की निरोपाच्या जेवणात सांगतात, "इथे बघण्यासारखं तसं काही नव्हतं हो." मर्सिडीजचं आणि पोर्शचं म्युझियम तेवढं झालेलं असतं, तेही पाहुण्यांच्या निमित्ताने. नवीन कोणी आलं की मी आधी हेच सांगते: पहिले सहा महिने कुठेही जाऊ नका. हे शहर श्रीमंत आहे पण श्रीमंती दाखवत नाही, त्यामुळे ते कुठे बघायचं हे कोणीतरी सांगावं लागतं.

सुरुवात रोटेनबर्गच्या टेकडीपासून करा. उंटरट्युर्कहाइम स्टेशनवरून बस वर जाते, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. माथ्यावर घुमटाची एक समाधी आहे, काटारीना राणीची. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने युरोपचं आभाळ झाकलं आणि 1816 साली इथे उन्हाळा उगवलाच नाही. पीक गेलं. लोकांनी पिठात लाकडाचा भुसा मिसळून पाव भाजले, कित्येक कुटुंबं देश सोडून गेली. त्याच वर्षी इथल्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या गादीवर विल्हेल्म पहिला आला. त्याची राणी काटारीना ही रशियाच्या झारची मुलगी. या नवराबायकोने नुसतं धान्य वाटलं नाही. 1818 या एका वर्षात गरिबांसाठी बचत बँक, होहेनहाइमची शेतकी संस्था (आज तिथे विद्यापीठ आहे) आणि कान्स्टाटचा (आता श्टुटगार्टचाच भाग) शेतकी मेळा, असं सगळं उभं राहिलं. काटारीना 1819 च्या जानेवारीत गेली, अवघ्या तिशीत. राजाने तिच्या समाधीसाठी आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडून जागा केली.

सप्टेंबरअखेर ऑफिसातले सगळे ज्या फोल्क्सफेस्टला बिअर प्यायला जातात, तो हाच मेळा. मैदानाच्या मधोमध फळं, भाज्या आणि कणसांनी मढवलेला 26 मीटर उंच खांब असतो. बहुतेकांना ती सजावट वाटते. तुम्ही त्याच्याखाली उभे राहाल तेव्हा तो कशासाठी आहे हे तुम्हाला माहीत असेल.

शहर खोलगट वाटीत वसलेलं आहे आणि चारी बाजूंना चढ. जुन्या द्राक्षमळ्यांतल्या वाटा आता दगडी जिने झालेत, असे चारशेहून जास्त. इथले लोक त्यांना 'श्टेफेलं' म्हणतात. आईबाबा उन्हाळ्यात तीन महिने राहायला येतील तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. त्यांना मारियनप्लाट्झहून देगरलोखला जाणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीत बसवा. ती 1884 पासून चालू आहे आणि पुढच्या उघड्या डब्यात सायकली चढवते. नाहीतर झ्युडहाइमर प्लाट्झहून जंगलातल्या दफनभूमीकडे जाणारी दोरावरची गाडी घ्या, 1929 ची, डबे सागवानी. तिला गमतीने 'वारसा लाटणाऱ्यांची एक्सप्रेस' म्हणतात. दोन्ही गाड्यांना शहराचं नेहमीचंच तिकीट चालतं. वर गर्द झाडीत रॉबर्ट बॉशची कबर आहे. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत ज्याच्या नावाचं ड्रिल मशीन असतं, तोच हा माणूस.

आता वायसेनहोफ. 1927 साली मीस फान डेर रोहच्या देखरेखीखाली सतरा वास्तुरचनाकारांनी इथे सपाट छपरांची पांढरी वसाहत बांधली. पुढे नाझींनी त्यावर उंट आणि सिंह चिकटवून 'अरबांचं गाव' अशी टवाळीची पोस्टकार्डं छापली. यातली दोन घरं ल कॉर्ब्युझिएची, म्हणजे चंदीगड आखणाऱ्याची. 2016 साली ही घरं आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या यादीत एकाच नोंदीत दाखल झाले. जोडघरात आता म्युझियम आहे. आतली बोळकांडी बघून चाळीत वाढलेल्या माणसालाही गुदमरल्यासारखं होईल, पण बघाच.

इथून जवळच किलेसबर्गची बाग आहे, मुलांची आवडती. डिसेंबर 1941 मध्ये सुमारे हजार ज्यू माणसांना नाझींनी आधी इथे गोळा केलं आणि नॉर्डबानहोफ स्टेशनवरून लाटव्हियातल्या रीगाला धाडलं. ते रूळ अजून आहेत, बाजूच्या भिंतीवर नावं लिहिली आहेत. गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, कचेरी जिथे होती त्या 'होटेल झिल्बर'मध्येही आता म्युझियम झालंय. बिर्केनकोप्फची टेकडी मात्र संध्याकाळी चढा. बाँबहल्ल्यांत पडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून ती चाळीसेक मीटरने उंच झाली. 511 मीटरच्या माथ्यावर कोरीव दगडांचे ढीग तसेच ठेवलेत आणि त्यांच्यामध्ये पोरं सूर्यास्त बघत बसलेली असतात.

खाण्याबद्दल आधी शाकाहारी मंडळींना सावध करते. 'फ्लाइश (मांस) नको' एवढं सांगून भागत नाही, कारण श्पेक म्हणजे डुकराची खारवलेली चरबी अनेकांच्या लेखी मांसात धरतच नाहीत. ती वेगळी विचारा. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी घालतात. काही बेकऱ्यांच्या ब्रेत्झलच्या पिठात चरबी असते. अंडं चालत असेल तर निर्धास्त खावं असं म्हणजे केझश्पेट्झलं, चीजमध्ये घोळलेल्या नूडल्स आणि वर तळलेला कांदा. माउलटाशनमध्ये मूळचं सारण मांसाचं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून ते पिठाच्या पारीत लपवलं, असं लोक हसत सांगतात. भाजीचं सारण घातलेलेही मिळतात.

आणि डाळ! श्पेट्झलंबरोबर मसूर हे इथलं घरगुती जेवण, वर व्हिनेगर मारून. बाजूला सॉसेज असतं, ते वगळता येतं. मसूर हे जवळच्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ पट्ट्यातल्या खडकाळ जमिनीवरचं गरिबाचं पीक. गेल्या शतकात ते इथून नाहीसंच झालं होतं. 2006 मध्ये जुनी जात सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे संग्रहात सापडली आणि शेतकऱ्यांनी ती परत आणली. मध्यवस्तीतल्या 1914 च्या मार्कटहालेत 'आल्बलायझा' म्हणून विचारा. महाग आहे. पण लसणाची फोडणी दिली की अख्ख्या मसुराची उसळ झकास होते.

घर भाड्याने घेतलंत की एक दिवस दाराला 'केरवोखं'ची पाटी लटकलेली दिसेल. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. शनिवारी सकाळी झाडा, शेजारच्या आजींच्या देखत. जिना स्वच्छ असला तरी झाडा. त्या शाबासकी देणार नाहीत. इथे कोणी कुरकुरलं नाही, म्हणजेच कौतुक झालं असं समजायचं. ऑफिसातही हेच धरून चला.

कान्स्टाटमध्ये जमिनीतून खनिज पाणी वर येतं. चव गंजल्यासारखी लागते, पण काही कारंज्यांवर फुकट प्यायला मिळतं. लॉयत्झेच्या हमामखान्यात पोहायला जरूर जा. फक्त सौनाच्या भागात कपडे चालत नाहीत, हे मॅनेजरबरोबर जायच्या आधी माहीत असलेलं बरं.

शेवटी बेझन. द्राक्षमळ्याचा मालक आपल्याच घरात वर्षातले जास्तीत जास्त चार महिने खानावळ उघडतो, चाळीसच्या आत खुर्च्या, दाराबाहेर झाडू टांगलेला. अनोळखी माणसांना खेटून बसावं लागतं आणि वाइन कान असलेल्या पेल्यात येते. दारू घेत नसाल तर द्राक्षांचा रस मागा, कोणी भुवई उंचावत नाही. शरद ऋतूत कांद्याचा केक असतो, त्यातही श्पेक विचारायला विसरू नका. कुठला बेझन कधी उघडा हे दर आठवड्याला बदलतं, म्हणून आधी फोन करा. रोख पैसे खिशात ठेवा आणि सहाच्या आत पोचा, सातला जागा उरत नाही.