आधी ताटातला रवा, मग पाटी

सव्वीस वर्षं बालवाडीत शिकवलं, पण स्वतःच्या नातीला नाव शिकवायला बसले आणि पहिल्याच दिवशी अडले. "चल, तुझं नाव लिहू," म्हटलं तर ती म्हणाली, "चिमी." घरात सगळे चिमीच म्हणतात; शलाका हे नाव फक्त जन्मदाखल्यावर! तेव्हा पेन्सिल देण्याआधी आठवडाभर खऱ्या नावाने हाक मारा. तिच्या डब्यावर, कपड्यांच्या खणावर ते मोठ्या अक्षरांत लावा.

मात्र ते मोबाइलवर टाइप करून छापू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. २००९ च्या शासन निर्णयातली वर्णमालाही तशीच आहे. शलाकात नेमकी ही दोन्ही अक्षरं. जावयांनी हौसेने छापून आणलेला कागद मी गुपचूप खणात ठेवला आणि स्केचपेनने हाताने लिहून दिलं.

आता ताटात रवा पसरा, थर पातळच हवा. तुम्ही एक अक्षर सावकाश काढायचं, तिने शेजारी बोटाने काढायचं. बिघडलं की ताट हलवलं, पुसलं गेलं. खाडाखोड दिसत नाही म्हणून मूल पुन्हा करायला तयार होतं. एका वेळी एकच अक्षर, पाच-सात मिनिटं, बस. कंटाळली की रवा डब्यात. (तो चाळून शिऱ्याला वापरला तर कुणाला सांगू नका.)

मग फरशीवर खडू, मग पाटी. पेन्सिलीचा छोटा तुकडाच द्या. लांब पेन्सिल मुलं मुठीत धरतात. तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो. हात धरून गिरवून घेऊ नका. तेव्हा अक्षर तुमचाच हात काढत असतो. ओळखीतल्या एका साडेतीन वर्षांच्या मुलाला शाळेतून पानभर नाव लिहून आणायला सांगायचे. तो वही दिसली की पलंगाखाली जायचा.

क्रम असा: आधी अक्षर, मग त्याचा काना, आणि सगळं नाव झाल्यावर डावीकडून उजवीकडे एकच शिरोरेषा. चिमीने आधी रेघ मारली आणि अक्षरं तिच्यापासून वीतभर खाली लिहिली. "दोरी तुटली, कपडे पडले," म्हटलं तर इतकी हसली की पुढच्या वेळी दोरी स्वतःहून शेवटी बांधली.

पहिली वेलांटी असलेलं नाव, समजा शिवानी, जरा वेळ खातं. तोंडात आधी श येतो, कागदावर मात्र वेलांटी त्याच्या डावीकडे. अशा वेळी श काढताना डावीकडे बोटभर जागा सोडायला सांगा आणि वेलांटी नंतर द्या. दुसरी वेलांटी उजवीकडे जाते, तिचा काही त्रास नाही.

अक्षर उलटं निघालं तर खोडू नका. शेजारी तुम्ही सुलटं काढा आणि "यातलं डब्यावरच्यासारखं कुठलं?" एवढंच विचारा. चार-साडेचार वर्षांच्या मुलांकडून असं होतंच.

दसऱ्याला पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती मी काढली, आणि तिच्या पायाशी चिमीने 'शलाका' लिहिलं. ल जरा झोपलेला होता. आडनावात जोडाक्षर आहे, ते पहिलीत बघू.