चैत्रातला शनिवार-रविवार: मुलं, परस आणि लिंबची विहीर

पाडव्याच्या सुमारास साताऱ्यात सकाळी चांगला गारवा असतो, पण अकरा वाजले की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून या दिवसांत मुलांना घेऊन जे काही करायचं, ते साडेदहा-अकराच्या आत आटपायचं. त्यासाठी निम्मी तयारी आदल्या रात्रीच हवी, कारण लहान मुलांच्या घरात नुसत्या टोप्या शोधता शोधता नऊ वाजतात.

शनिवार परसाला द्या. शुक्रवारी संध्याकाळी आळ्यांत पाणी सोडून ठेवलं की सकाळी माती भुसभुशीत सापडते. खुरपं, घमेलं, सुतळी, जुने हातमोजे एका कोपऱ्यात काढून ठेवा. मुलांच्या हातात प्लॅस्टिकचं खेळण्यातलं फावडं देण्यात अर्थ नाही. त्याने काही उकरलं जात नाही आणि ती लगेच कंटाळतात. छोटं का होईना, खरं खुरपं द्या आणि एकेक झाड ज्याच्या त्याच्या नावावर करून टाका. आंबा, कढीपत्ता यांच्या आळ्यांत वाळक्या पाल्याचा चार बोटं थर पसरा, फक्त बुंध्याला भिडवू नका. पाला जाळायचा तर अजिबातच नाही, शेजारणीचं वाळवण वर गच्चीवर असतं. मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आता राहू द्या, कळ्या जातील. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर शेंडे खुडून टाका आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून ऊन उतरल्यावर फवारा.

विटा, कौलं, रिकाम्या कुंड्या हलवायचं काम मात्र मोठ्यांचं. पलीकडची कड काठीने आपल्याकडे ओढून कुंडी कलती करायची, म्हणजे उघडी बाजू आपल्या पायांकडे येत नाही. आपल्या भागात तांबडा विंचू आहे. तो लहान मुलाला चावला आणि दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं, तर मंत्र-उतारा, कांदा-चुना यांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने थेट दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचली तर. मुलांच्या पायात बंद बूट, आणि घालण्याआधी ते झटकायचे, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

रविवारी फिरायला. अजिंक्यतारा जवळ आहे आणि वरपर्यंत गाडी जाते, पण ऊन चढलं की सावली शोधावी लागते. सज्जनगडाला पायऱ्या, म्हणजे धाकटं हमखास कडेवर. माझं मत लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीला. साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर, आणि आत उतरलं की गारवा. वीरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. खोली 110 फूट, व्यास 50 फूट. वर मोटा चालवायच्या जागा आहेत, तेव्हा बैल, नाडा, चामड्याची मोट कशी असते ते आदल्या रात्री चित्र काढून सांगा. नाहीतर तिथे गेल्यावर मुलांना पाण्यात खडे टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. कठड्याजवळ एका मुलामागे एक मोठं माणूस, याला अपवाद नाही. माणसं कमी असतील तर शेजारच्या काकांना सोबत घ्या.

पिशवीत माणशी लिटरभर पाणी, टोप्या, पंचा, कपड्यांचा एक जादा जोड, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या. दही-भात नको, उन्हात आंबतो. मीठ-साखरेच्या पाण्यासाठी लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि अंदाजपंचे नको. कैऱ्या शनिवारीच उकडून गर काढून ठेवा, घरी आल्या आल्या पन्हं होतं. आणि सोमवारचं दप्तरही शनिवारीच भरा, कारण रविवारी दुपारी ती झोपली की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत.