भरलेली पिकअप चोर्ला घाटातून उतरवताना

बेळगावहून भाजी भरून मी पहाटे चोर्ला घाट उतरतो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारासाठी तर हमखास. नवी पिकअप घेतलेल्या प्रत्येकाला पहिलं हेच सांगतो: जे वळण ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. माल असेल तर सेकंड, फार तर थर्ड. गिअर उतार लागायच्या आधीच टाका. गाडीने वेग धरला की खालचा गिअर पडता पडत नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, हात जोडून सांगतो. गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एकदा मी ते केलं. घाटाच्या पायथ्याच्या केरी गावाच्या अलीकडे जळका वास आला, पेडल दाबूनही गाडी आवरेना. थर्ड, मग सेकंड टाकत कशीबशी कडेला घेतली आणि ब्रेक गार होईपर्यंत अर्धा तास बसून राहिलो. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, ब्रेकचा ड्रम तडकतो.

क्लचवर पाय टेकवून चालवलं की प्लेट झिजते. चढावर निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवा, क्लच सोडत गाडी ओढ घेऊ लागली की मगच खाली करा.

ऑटोमॅटिक असेल तर उताराला ‘डी’ (नेहमीचा पुढे जायचा) सोडून ‘एल’ (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड घ्या. ‘पी’ (पार्किंग) आणि ‘आर’ (रिव्हर्स) गाडी पूर्ण थांबल्यावरच.

उभी करताना तोंड चढाकडे तर फर्स्ट, उताराकडे तर रिव्हर्स, वर हँडब्रेक, शिवाय चाकाला दगड. निघताना तो दगड उचलून कडेला टाका, मागून अंधारात दुचाकीवाले येत असतात.